क्रूझच्या जाहिरातीत एकट्या माणसाचाही भाव छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी टूरच्या जाहिराती सुरू झाल्यात, आपल्या पेपरात रोज अर्धं पान तरी त्यांचंच असतं आणि यंदा त्यात परदेशी क्रूझ बऱ्याच दिसतायत. ग्रीस-तुर्की, सिंगापूर, नॉर्वे, अलास्का. प्रत्येक जाहिरातीत मोठ्या ठळक अक्षरात एक आकडा असतो आणि त्याच्या खाली भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरात 'प्रति व्यक्ती, ट्विन शेअरिंग', म्हणजे एका केबिनमध्ये दोघं राहिले तरचा माणशी भाव. हे पत्र त्या खालच्या ओळीबद्दल आहे. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी सांगलीची, पोस्टातून रिटायर झालेली. मिस्टरांना प्रवासाची अजिबात आवड नाही, घराबाहेर त्यांना झोप लागत नाही, आणि मला मात्र लहानपणापासून समुद्राची ओढ. मुलांच्या सुट्ट्या एकमेकांशी कधी जुळत नाहीत. मग कुणासाठी आणि किती वर्षं थांबायचं? शेवटी एकटीच गेले, अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून निघून ग्रीसची बेटं, मध्ये तुर्कस्तानचा किनारा आणि परत पिरियस, अशी आठवडाभराची क्रूझ. माझ्यासारख्या बायका आणि पुरुषसुद्धा आपल्याकडे खूप आहेत, कुणाचा जोडीदार गेलाय, कुणी लग्नच केलेलं नाही, कुणाच्या जोडीदाराला गुडघ्यांमुळे जमत नाही. हातात पेन्शन आहे, तब्येत अजून साथ देतेय, पण एजंटच्या खुर्चीसमोर बसलं की पहिला प्रश्न येतो, "अजून कोण आहे बरोबर?"

कोणी नाही म्हटलं की भाव बदलतो. मला सांगितलं, "काकू, सिंगल असाल तर डायरेक्ट डबल." आता हे डबल का, ते मी नंतर नीट समजून घेतलं. जहाजावर केबिन दोन माणसांची धरूनच भाडं लावलेलं असतं. एक माणूस राहिला तर दुसऱ्याचं भाडं बुडतं, शिवाय दुसरा माणूस जहाजावर जे खर्च करणार असतो, ड्रिंक्स, स्पा, बंदरावरच्या सहली, तेही बुडतं, आणि क्रूझ कंपन्यांची बरीच कमाई या वरखर्चातच असते. त्यामुळे सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याकडून जादा भाडं, लावतात, ते कधी कमी असतं, कधी पूर्ण शंभर टक्के. हे मला पटतं असं नाही पण निदान त्यात हिशोब आहे. मात्र पोर्ट चार्जेस, सरकारी टॅक्स आणि जहाजावरच्या टिप्स या माणशी असतात, केबिनमागे नाहीत. म्हणजे समजा जाहिरातीत ८० हजार लिहिलेत आणि त्यातले १५ हजार पोर्ट चार्जेस आणि टॅक्सचे आहेत, तर एकट्या माणसाला ६५ चे दुप्पट १ लाख ३० हजार अधिक १५, म्हणजे १ लाख ४५ हजार पडायला पाहिजेत, १ लाख ६० हजार नाही. माझ्या कोटेशनमध्ये सरळ सगळंच दुप्पट धरलेलं होतं. मी रकमेची फोड मागितली, दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा ऑफिसात जाऊन बसले, तेव्हा तो आकडा खाली आला. पोस्टाच्या काउंटरवर आयुष्य गेल्यामुळे मला हिशोब विचारायची भीती वाटत नाही, पण सगळ्यांना ते जमेल असं नाही, आणि का जमवावं लागावं?

ग्रीस सरकारचंच बघा ना. जुलै २०२५ पासून सॅन्टोरिनी आणि मिकोनॉस या दोन बेटांवर क्रूझने उतरणाऱ्यांकडून जून ते सप्टेंबरच्या सीझनमध्ये माणशी २० युरो घेतात. एक माणूस उतरला तर २० च, ४० नाही. सरकार डोकी मोजतं आणि कंपन्या खाटा मोजतात.

त्यात आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. परदेशी टूर पॅकेजवर आपल्याकडे टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात, तो पूर्ण बिलावर कापतात. म्हणजे भाडं दुप्पट झालं की टीसीएससुद्धा दुप्पट रकमेवर जातो. तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना धरता येतो, परतही मिळतो, पण ज्या पेन्शनरांना रिटर्न भरायची सवय नाही त्यांनी ही रक्कम कुठे जमा झाली ते इन्कम टॅक्स खात्याच्या २६एएस या टॅक्सच्या उताऱ्यात जरूर बघावं, एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

पैशाचं सांगून झालं, आता कागदांचं. व्हिसाच्या कागदांत माझ्याकडे मिस्टरांचं संमतीपत्र मागितलं. मी विचारलं की अधिकृत चेकलिस्टमध्ये हे कुठे लिहिलंय ते दाखवा, ते त्यात नव्हतंच. पासपोर्ट माझा, पेन्शन माझी, बँकेचं स्टेटमेंट माझं आणि सही मात्र नवऱ्याची पाहिजे, हे २०२६ साल आहे ना? आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. एकटीने जाणाऱ्या बायकांनी असले जास्तीचे कागद मुकाट्याने देऊ नयेत, आधी यादी मागावी. आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागावा, हे तर मी दहा वेळा सांगीन. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, तुर्कस्तान नाही, त्यामुळे जहाज मध्ये तुर्की बंदराला लागलं की आपण शेंगेनच्या बाहेर पडलो, आणि सिंगल एंट्री असेल तर परत आत यायचे वांधे. जोडीने जाणाऱ्याला निदान बोलायला कुणी असतं, एकट्या माणसाला अशा वेळी परक्या बंदरावर एकट्यानेच उभं राहावं लागतं.

एवढं सगळं करून जहाजावर पाय ठेवला आणि खरं सांगते, पहिल्या तासाभरातच वाटलं की आपल्या वयाच्या एकट्या बाईला परदेश बघायचा असेल तर यापेक्षा सोयीचा मार्ग नाही. रोज बॅग भरायची नाही, रोज नवीन हॉटेल नाही, रात्री अनोळखी गावात जेवण शोधत फिरायचं नाही. कपाटात साड्या-ड्रेस एकदा लावले की संपलं, रात्री झोपायचं आणि सकाळी खिडकीत नवीन गाव. आणि सुरक्षितता. केबिनची चावी असलेलं जे कार्ड देतात तेच जहाजावरून उतरताना आणि चढताना स्कॅन होतं, मशीन टिंग करतं, स्क्रीनवर आपला फोटो येतो, गार्ड चेहरा बघतो आणि मग सोडतो. म्हणजे कोण बाहेर आहे आणि कोण आत आलंय ते जहाजाला मिनिटाला माहीत असतं. माझ्या मुलीला याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त धीर आला. निघायच्या आधी प्रत्येकाला आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन हजेरी द्यावी लागते, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली, त्यात नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिलच झालेलं नव्हतं, तेव्हापासून ही हजेरी जहाज सुटायच्या आधीच घेतात. काही लोक त्या वेळी बारमध्ये बसायला बघतात. एकट्या माणसाने तर ती जागा आणि तिथे जायचा जिना स्वतः चालून पाठ करून ठेवावा, आपला हात धरून न्यायला कुणी नसणार.

पहिल्या रात्री जेवायला गेले तर दारावरच्या माणसाने विचारलं एकटं टेबल पाहिजे की इतरांबरोबर. मी इतरांबरोबर म्हटलं आणि तो माझा सगळ्यात चांगला निर्णय ठरला. आमच्या टेबलावर कॅनडाच्या एक नर्सबाई होत्या, नवरा गेल्यावर दरवर्षी एकट्या येणाऱ्या, एक वेल्सचे रिटायर्ड मास्तर, आणि दोघी बहिणी अर्जेंटिनाच्या ज्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं, तरी रोज रात्री दीड-दोन तास आम्ही बोलत बसायचो. माझं इंग्रजी काही फाडफाड नाही, पण त्यांनी मला वाक्य पूर्ण करायला वेळ दिला. दुपारी बुफेत मात्र एकटीने जेवणं अवघड जातं, ताट घेऊन जागा शोधायची आणि पाणी आणायला उठलं की टेबल गेलेलं असतं, म्हणून मी खुर्चीवर ओढणी टाकून ठेवायची.

आणि तिथेच बुफेत सावंतवाडीकडचा एक मुलगा भेटला. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्याने आधी हिंदीत विचारलं, मग मी सांगली म्हटल्यावर एकदम, "काकू, तुमी मराठी?" जगातल्या क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली पोरं किती आहेत हे आपल्याला घाटावरच्या लोकांना माहीतच नसतं, गोव्यात तर अशा दर्यावर्दी लोकांना तारवटी म्हणतात, पिढ्यान् पिढ्या काही घरं याच्यावर उभी आहेत. या मुलाने मला रोज किचनमधून साधी डाळ आणि भात आणून दिला, मेनूत नसला तरी. संध्याकाळी त्याला पाच-दहा मिनिटं मिळाली की तो माझ्या टेबलाजवळ उभा राहून बोलायचा, बसायची परवानगी नसते त्यांना. महिनोन् महिने कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही, किती वर्षं जहाजावर आहेस विचारलं तर त्याने वर्षं नाही सांगितली, चार चतुर्थ्या चुकल्या म्हणाला. घरी गणपतीला आरती चालू असताना आई व्हिडिओ कॉल लावून फोन मखरासमोर धरते आणि हा क्रूच्या डेकखालच्या केबिनमध्ये इयरफोन लावून टाळ्या वाजवतो, कारण वरच्या बंकवर रात्रपाळी करून आलेला दुसरा झोपलेला असतो. मी एकटी प्रवास करतेय याचं मला जे कौतुक वाटत होतं ते हे ऐकून बाजूलाच पडलं. म्हणून मी माझ्या बिलात लावलेल्या टिप्स कमी करून घेतल्या नाहीत, बरेच आपले लोक रिसेप्शनला जाऊन त्या काढायला लावतात, कृपा करून असं करू नका.

एकटीने फिरण्याचा खरा आनंद मला मिळाला तो एफेससला, तुर्कस्तानातल्या प्राचीन शहराच्या अवशेषांत. कुशादासी बंदरापासून वीसेक किलोमीटर. ग्रुपबरोबर गेलेले लोक गाइडच्या झेंड्यामागे धावत होते, मी जहाजाचीच बस घेतली होती पण आत मोकळं सोडणारी, त्यामुळे माझ्या मनाप्रमाणे थांबता आलं. सेल्ससची लायब्ररी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, फोटोत सगळ्यांनी बघितलेली असते, पण जवळ गेलं की तिच्या दर्शनी खांबांमधल्या कोनाड्यांत चार बायकांचे पुतळे दिसतात, ज्ञान, सद्गुण वगैरेंचे. तिथून पुढे गेलं की थिएटर, पंचवीसेक हजार माणसं बसतील एवढं, त्याच्या वरच्या पायरीवर मी निवांत बसले. समोर एक सरळ रुंद रस्ता दिसतो, दोन्ही बाजूंना तुटके खांब, आणि तो रस्ता जाऊन संपतो गवतात. तो बंदराचा रस्ता होता. जहाजं तिथे लागायची. नदीने एवढा गाळ आणला की समुद्रच काही किलोमीटर मागे गेला आणि एवढं मोठं व्यापारी शहर ओसाड पडलं, आपल्या सोपाऱ्याचं बंदर जसं गाळाने गेलं तसंच. मी ते बघत किती वेळ बसले मला माहीत नाही, कुणी "चला चला" म्हणायला नव्हतं, कुणाला भूक लागली नव्हती, कुणाचे पाय दुखत नव्हते. संसारात चाळीस वर्षं दुसऱ्याच्या भुकेच्या वेळा सांभाळलेल्या बाईला हे काय असतं ते मी शब्दांत कसं सांगू.

हो, पण बस जहाजाची घेतली त्यामागे कारण आहे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज साधारणपणे थांबतं, आपण आपले स्वतंत्र गेलो आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, मग पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठा. जोडीने असाल तर टॅक्सीची जोखीम वाटून घेता येते. एकट्याने लांबच्या ठिकाणी जहाजाचीच सहल घ्यावी आणि बंदराला लागून असलेल्या गावात, जसं रोड्सचं जुनं तटबंदीतलं शहर, तिथे आपलं आपण फिरावं. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं ठेवावं, फोनची वेळ आपोआप बदलते त्यावर भरवसा नको.

सॅन्टोरिनीला मला एकटेपणाचा त्रास जास्त झाला. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेली खोल दरी म्हणजेच तो समुद्र, त्यामुळे छोट्या टेंडर बोटीतून उतरवतात आणि मग कड्यावरच्या गावात जायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर गाढव. गाढवावर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्या मुक्या जनावरांची पाठ बघवत नाही. केबल कारच्या परतीच्या रांगेत दीड तास उन्हात उभी होते. बाथरूमला जायचं तर रांगेत जागा धरायला कोणी नाही, बॅग बघायला कोणी नाही. पुढे उभ्या असलेल्या कोरियन मुलीला खाणाखुणांनी सांगितलं, तिने मान डोलावली आणि परत येईपर्यंत जागा ठेवली. प्रत्येक वेळी असं कुणी भेटेलच असं नाही ना.

आजारपणाचंही सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, त्यात जहाज डोलतं आणि कधी कधी मिकोनॉसला लागतच नाही, सरळ पुढे जातं. आमच्या वेळी एक रात्र तशी गेली. मी केबिनमध्ये भिंत धरून बाथरूमपर्यंत जात होते, पोटात काही ठरत नव्हतं, आणि त्या वेळी पाणी द्यायला कुणी असतं तर बरं झालं असतं हे मान्य करते. फोन केल्यावर केबिनच्या स्टुअर्डने हिरवं सफरचंद आणि क्रॅकर्स आणून दिले आणि दर तासाला दार वाजवून गेला. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी परदेशी चलनात आणि चांगलीच जड असते, म्हणून इन्शुरन्स घेताना क्रूझ आणि जहाजावरून हॉस्पिटलला हलवायचा खर्च त्यात धरलाय का ते वाचूनच घ्यावं. फोन मात्र समुद्रात फ्लाइट मोडवरच, जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क चुकून पकडलं तर बिल बघून घाम फुटेल. मुलांना आधीच सांगून ठेवा की बंदरावरून दिवसातून एकदाच मेसेज येईल, नाहीतर इकडे घरचे काळजीत.

आता माझी मूळ मागणी. जगात कंपन्यांनी एकट्यांचा विचार केलेला आहे. नॉर्वेजियन एपिक या जहाजावर २०१० साली १२८ छोट्या स्टुडिओ केबिन फक्त एकट्या प्रवाशांसाठी काढल्या, त्यांना बसायला वेगळा हॉलसुद्धा. क्वीन मेरी २ वर २०१६ मध्ये १५ सिंगल केबिन केल्या. म्हणजे हे होऊ शकतं. पण अशा केबिन थोड्या असतात आणि लवकर जातात, आणि आपले बहुतेक एजंट त्यांच्याबद्दल बोलतच नाहीत. ते अनोळखी बाई रूम पार्टनर म्हणून देतो म्हणतात, ज्यांना चालतं त्यांनी जरूर घ्यावं, पण एवढ्याशा केबिनमध्ये परक्या माणसाबरोबर आठवडा काढायला नको असेल तर त्यावरून आढ्यतेखोर ठरवू नये.

आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत क्रूझ भारत मिशन, म्हणजे क्रूझ पर्यटन वाढवायची केंद्र सरकारची योजना, सुरू झालं, मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला क्रूझ जातायतच. ज्यांना परदेशी जायची भीती वाटते त्यांनी आधी तिकडे दोन-तीन रात्री जाऊन बघावं, तब्येतीला समुद्र मानवतो का तेही कळतं. पण तिथेही एकट्याचा भाव विचारला की तेच उत्तर. मिशनमध्ये टर्मिनल बांधायचं ठरलंय तसं हेही कुणीतरी ठरवायला पाहिजे, पर्यटन खात्याने टूर कंपन्यांना निदान एवढं तरी सांगावं की ट्विन शेअरिंगच्या भावाखाली एकट्या माणसाचा पूर्ण भाव, पोर्ट चार्जेस आणि टॅक्स वेगळे दाखवून, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आणि संपादकसाहेब, ते खात्याकडून व्हायला वेळ लागेल हे मला माहीत आहे, पण जाहिराती तर तुमच्याकडेच येतात. तुमच्या जाहिरात विभागाने टूर कंपन्यांना ही एक ओळ मागितली तर पुढच्या रविवारपासूनसुद्धा सुरू होऊ शकतं. कंपन्यांचं यावर जे काही म्हणणं असेल, अडचण असेल, तेही याच सदरात छापा, मी वाट बघतेय.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, सांगली